बिनमाईकचं कडवं

चारा छावणी, कड्याजवळ
रविवार, २७ मार्च २०१६

प्रिय सुग्रीव,

रामकृष्ण हरी. बायडावहिनींना माझा नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद. चौसाळ्याला तरी पाणी कसं आहे ते कळव.

अक्षर ओळखलं असशील. चौथीत गुरुजींनी आपल्या दोघांना एका पाटीवर बसवलं होतं, तेव्हा जसं तिरकं होतं तसंच ते आजही आहे. फोन करता आला असता. टेम्पोवाल्या त्रिंबककडून तुझा नंबर घेऊन दोन महिने झाले. पण फोनवर समोरचा माणूस नुसता 'हं' म्हणतो, आणि त्या 'हं'ला भिऊन आपण भलतंच बोलायला लागतो. म्हणून लिहायला बसलो.

मी माघापासून छावणीत आहे. दोन बैल, एक गाय, एक कालवड आणि मी, अशी पाच जणांची सोय शेडनेटखाली झाली आहे. गावाकडे विहिरीला तळ दिसतो. टँकर तीन दिवसांनी येतो, म्हणून बायको घरी राहते. इथं जनावरांना चारा म्हणून ऊसच येतो. ज्या उसाच्या मोळ्या आपण डोक्यावरून वाहिल्या, तो ऊस माझे बैल आता बसल्या जागी खातात. पहिल्या दिवशी तो वास आला आणि मी तोडीच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीतच उभा आहे असं वाटलं. पाचटाचा वास माणसाला सोडत नाही.

दुसरी बातमी वाईट आहे. शहादेव माईकवाला पौषात गेला. दम्यानं आधीच जेरीस आला होता. मी मातीला गेलो होतो. त्याची बायको म्हणाली, "भोंगे माळ्यावर हायेत, मंडळाला पायजेत का?" मी नको म्हणालो.

त्याच्याबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. तू बोलला होतास, "त्या शहादेवच्या माईकवर जवर तू गाशील तवर मी तुझ्या वाऱ्यालाबी उभा राहणार न्हाई." ते तू पाळलंस. सत्तावीस वर्षं.

आता पत्राचं कारण. गडाचा नारळी सप्ताह यंदा आपल्या भागात आहे. एका सायंकाळचं भजन आपल्या मंडळाला दिलं आहे. आप्पाराव पेटीवाला फ्लेक्सचा मजकूर घेऊन परवा छावणीत आला. त्यात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मूळ कोयता भजनी मंडळ'. 'मूळ' हा शब्द त्याला लाल हवा आहे. कारण आता ऊसतोडीला जाणारी तरुण पोरं पुन्हा कोपीत कोयते वाजवून गातात, आणि आपल्याला 'स्टेजवाले' म्हणतात. आपलं भजन कोयत्याचं नाहीच, असं त्यांचं म्हणणं. आप्पारावला ते फार लागलं आहे.

मी त्याला म्हणालो, "तो शब्द आठ दिवस थांबव."

"कावून?"

"सुग्रीवला विचारल्याबिगर न्हाई लावायचा."

"जो सत्तावीस वर्षं आला न्हाई त्याला काय विचारायचं बे? तो काय रजिस्टार हाय का?" असं म्हणून तो हसला, आणि मग जरा थांबून म्हणाला, "पण शहादेव गेला की आता. आता तर येईल तो. तू नुसतं बोलाव."

तसं मी नुसतं बोलावणारच होतो. पण मधे एक गोष्ट घडली, ती आधी सांगतो. वाचताना तुला हसू येईल.

माझी मंजुळा पुण्यात शिकते. नाव आईचंच ठेवलं आहे, स्वभावही तोच उतरला आहे. एखादी गोष्ट पटली नाही की ताट सरकवते. शिमग्याच्या सुट्टीत ती मैत्रिणीला घेऊन छावणी बघायला आली. मैत्रीण नाशिकची, हुशार, भाकरीबरोबर ठेचा खाऊन रडणारी. दोघी पाचटाच्या ढिगावर बसल्या, मोबाइलच्या वायरीचं एक टोक हिच्या कानात, एक तिच्या, आणि बघता बघता जुंपली. भांडण कशावरून, तर परदेशातला कुठलासा जगप्रसिद्ध बँड 'पंक' आहे की नाही यावरून.

मैत्रीण म्हणत होती, "स्टेडियम भरवून गातात ते कसले पंक? मोठ्या कंपनीबरोबर करार केला त्याच दिवशी संपलं ते."

मंजुळा म्हणे, "पहिले दोन अल्बम ऐक ना."

"आणि पुढचे आठ?"

"माणसं मोठी झाली की गाणं बदलणारच."

"बदलू दे ना. मग नावही बदला म्हणावं."

मी कुट्टी टाकत होतो. म्हटलं, "पंक म्हणजे कसलं गं? अभंगाच्या जातीचं का गवळणीच्या?"

दोघी हसल्या. मग त्या मैत्रिणीनं मला नीट समजावलं. म्हणाली, "काका, ज्याला वाजवता येत नाही त्यानंही वाजवायचं. चांगलं वाद्य नसलं तरी चालेल. आणि ज्यांना कुणी बोलू देत नाही त्यांनी जोरात बोलायचं. साहेब लोकांना आवडावं म्हणून नाही गायचं. एवढंच."

सुग्रीव, माझ्या हातातली कुट्टीची पाटी तशीच राहिली. ही नाशिकची पोरगी आपली कोपी सांगत होती.

त्यांनी माझ्या कानात ते टोक घातलं आणि म्हणाल्या, तुम्हीच निवाडा करा. एक जुनं गाणं ऐकवलं. एक बोल कळला नाही. ढोल असा, जणू पत्र्यावर गारा पडतात. पण गाणारा खरोखर रागावलेला होता, ते न कळताही कळलं. मग त्याच लोकांचं नंतरचं, गाजलेलं गाणं ऐकवलं. त्यातही राग होता, पण तो आंघोळ करून, भांग पाडून आलेला राग होता. तसं मी बोललो तर मैत्रिणीनं टाळी मागितली, आणि मंजुळा माझ्यावर रुसली.

तिची समजूत घालायची म्हणून मी आपली गोष्ट सांगायला बसलो. किती वर्षांनी सांगितली. सत्त्याऐंशीचा दुष्काळ, आपण दोघं एकवीस-बावीसचे, लग्न कुणाचंच नाही, म्हणून मुकादमानं, नवरा-बायकोची लावतात तशी, आपल्या दोघांची मिळून तोडीची एक जोडी लावली. मी तोडायचो आणि तू मोळ्या बांधायचास, दमलो की उलट. नदीकाठचा तो सहकारी कारखाना, भोंगा झाला की कोपीत भाकरी थापायला लागायच्या. पहिल्याच एकादशीला टाळ नाहीत, मृदंग नाही, म्हणून सगळे गप्प बसलेले. तेव्हा तू तुझ्या बापाचा कोयता उचललास, माझ्या कोयत्यावर मारलास आणि म्हणालास, "ह्यो काय वाजत न्हाई का?" तो आवाज. पितळी टाळाला तो कधी येणार नाही. त्या लोखंडाला दिवसभराच्या उसाचा चीक लागलेला असायचा, आणि तरी वाजायचं.

बुवांची गोष्टही सांगितली. ते गळ्याचे गोड बुवा कोपीवर आले, म्हणाले, मीही एक अभंग म्हणतो. तुझा तर नियम, ज्यानं आज ऊस तोडला त्यानंच आज गायचं. तू त्यांच्या हातात कोयता दिलास. "बुवा, आधी फडात चला." बाकीचे घाबरले, बुवा चिडतील. बुवा चिडले नाहीत. धोतर खोचून दुपारपर्यंत तोडत राहिले, हाताला फोड आले, आणि त्या सायंकाळी असे गायले की तुझ्या म्हाळूदादानं त्यांचे पाय धरले. बुवा म्हणाले, "अरे, आज मला माझा गळा आड आला नाही." ते वाक्य मी कधी विसरलो नाही. मंजुळाच्या मैत्रिणीनं ते वहीत लिहून घेतलं.

मग म्हाळूदादाच्या लेकीचं, मनकर्णेचंही सांगावं लागलं. दोन वर्षांची होती. कारखान्याच्या तळ्यात यंत्रं गार करायला पाणी भरलेलं, आणि आपल्या बाया कालव्याच्या डबक्यातून घागरी भरायच्या. तीन दिवसांच्या हगवणीत गेली. तू त्यानंतर आठ दिवस गायला नाहीस, आणि नवव्या दिवशी हे कडवं घेऊन आलास:

कारखान्याला तहान लागं, तळं भरून ठेवलं |
कोपीमधल्या लेकराला डबक्यावर पाठवलं ||

आणि धृपद तेच:

कोयता झाला टाळ देवा, पाचट झालं आसन |
उसाखालचा हात जोडून तुझं करतो भजन ||

पुढं आपलं नाव झालं. शेजारचे फड ऐकायला येऊ लागले, मग गावं, मग कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाचं बोलावणं. एकोणनव्वद साल. मंडप, सतरंज्या, पुढच्या रांगेत चेअरमन साहेब, त्यांच्याशेजारी पुण्याचा एक कॅसेटवाला. आणि मी शहाण्यानं काय केलं, तर स्टेजवर शोभा यावी म्हणून सगळ्यांचे कोयते गोळा करून शहरात नेले, धार बोथट करून घेतली आणि त्यांना चांदीसारखा मुलामा दिला. तुझ्या बापाचा कोयताही त्यात होता. तू हातात घेऊन उलटासुलटा पाहिलास. "लई छान दिसतो. आता ह्यानं तोडायचं काय बे, वाढदिवसाचा केक?" सगळे हसले. मीही हसलो. वाजवून पाहिला तर आवाज मुका झाला होता.

मग भजन रंगलं, आणि तुझ्या कडव्याला तू पुढं झालास, आणि तेवढ्यात माईक बंद पडला. तू बिनमाईकचा ओरडून गायलास. मागं हजारो माणसांना तुझं नुसतं तोंड हलताना दिसलं. मागच्या बाजूनं हशा आला. मी घाईनं धृपद उचललं. मग तू कोयता टाकून खाली उतरलास, शहादेवच्या दोन थोबाडीत मारल्यास आणि निघून गेलास.

एवढं मी पोरींना सांगितलं. मंजुळाचा रुसवा गेला. तिच्या मैत्रिणीनं मात्र सहज विचारलं, "काका, तुम्ही धृपद उचललंत तेव्हा माईक चालू होता?"

"होता."

"मग त्या एकाच कडव्यापुरता कसा बंद पडला?"

सत्तावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "तांत्रिक बिघाड." गाईची धार काढायची वेळ झाली होती, उठून गेलो.

आताही तीच वेळ झाली आहे. उरलेलं उद्या लिहितो.


सोमवार, रंगपंचमी

काल पत्र इथंच बंद करून पाकिटात घालावं असं मनात आलं होतं. खाली एक ओळ लिहायची, शहादेव गेला, जुनं सोडून दे, सप्ताहाला ये. तू आला असतास. मला तुझा स्वभाव माहीत आहे, मेलेल्या माणसावर तू राग ठेवत नाहीस. तू आला असतास, आप्पारावनं हार घातला असता, आणि आपण शेजारी उभे राहून गायलो असतो.

आज सकाळी माळ हातात घेतली, ती पुढं सरकेना.

सुग्रीव, माईक बंद पडला नव्हता. मी शहादेवला बंद करायला सांगितला होता.

कार्यक्रमाच्या आधी चेअरमन साहेबांच्या माणसानं मला मंडपामागं बोलावलं. फार गोड बोलला. म्हणाला, "ते तळ्याचं कडवं आजच्या दिवशी बरं दिसणार नाही. पुण्याची पार्टी आली आहे, तुमची कॅसेट होईल." मी हो म्हणालो. मग तुझ्याकडे आलो. तू मुलामा दिलेल्या कोयत्याला धोतराच्या सोग्यानं पुसत होतास, बहुतेक ती चकाकी निघते का ते पाहत होतास. मला म्हणालास, "कडवं मी घेतो, पंडित. म्हाळूदादा पुढं बसलाय." मी त्यालाही हो म्हणालो. दोघांना हो. तुझ्या तोंडावर नाही म्हणायची मला छाती झाली नाही, आणि साहेबाच्या माणसापुढंही नाही. मग मी शहादेवकडे गेलो. त्याला म्हणालो, मी डावा हात वर केला की माईक बंद कर, खाली घेतला की चालू कर. तो म्हणाला, "कावून?" मी म्हणालो, "मंडळाच्या भल्यासाठी."

तू त्याला मारलंस तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. गावात लोक त्याला 'कारखान्याला विकलेला' म्हणायचे, ते त्यानं ऐकून घेतलं. मी त्याचाच माईक कायम लावत राहिलो. लोकांना वाटायचं, पंडित किती मोठ्या मनाचा. मोठं मन कसलं. त्याला दुसरं काय द्यावं ते मला कळत नव्हतं. पौषात त्याच्या मातीला गेलो, तेव्हा खांदा देताना मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायलाही लाज वाटते. आलं ते असं, की आता कुणालाच माहीत नाही.

आणखी एक आहे. तेही आजच लिहून टाकतो.

पुढच्या हंगामात कोपीवर नळ आला. लोक म्हणायचे, पंडितनं साहेबांना गाणं ऐकवून नळ आणला. मीही स्वतःला तेच सांगत आलो, की एका कडव्याच्या बदल्यात नळ मिळाला, म्हणजे सौदा वाईट नव्हता. पण नळाचा शब्द त्या माणसानं काढलाच नव्हता. मीही काढला नव्हता. पहिल्या तीन रांगांतल्या बायांनी तुझं कडवं बिनमाईकचं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या घागरी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी बसल्या आणि तेच म्हणत राहिल्या. कडवं सांगायला आपल्या फडातली रतनबाई होती, तिला सूर नव्हता, पण तीच सगळ्यांत जोरात होती. म्हणून नळ आला. तुझ्या उघड्या आवाजानं आणला तो. आणि मुकादमानं पुढच्या हंगामाला तुलाच वगळलं, 'भांडकुदळ' म्हणून. मी तोंड उघडलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. तेव्हा माझी पहिली कॅसेट आली होती, माझं ऐकत होते सगळे.

त्या कॅसेटमध्ये तुझं कडवं नाही. नंतरच्या सहांतही नाही. कोयते स्टेजवर मागं टांगून ठेवतो, आणि गातो पितळी टाळांवर.

पोरी काल पुण्याला परत गेल्या. जाण्याआधी मैत्रीण पुन्हा म्हणाली, "काका, निवाडा राहिला. तो बँड पंक आहे का नाही?" मी विचारलं, "त्यांच्यातून कुणी बाहेर पडलं होतं का, सुरुवातीला?" ती म्हणाली, "होता एक, पहिला ढोलवाला. त्याचं नाव आता कुणाला आठवत नाही." मी म्हणालो, "मग ते त्याला विचारा. उरलेल्यांना ते ठरवता येत नाही." एसटीत बसताना मंजुळा हळूच म्हणाली, "अण्णा, माईकचं मला खरं सांगाल का कधी?" मी म्हणालो, "आधी ज्याचं आहे त्याला सांगतो."

म्हणून तुला विचारतो आहे, आप्पारावच्या त्या लाल शब्दाचं. तू म्हणशील तसं होईल. 'मूळ' लिहू नका म्हणालास तर लिहिणार नाही. नुसतं 'भजनी मंडळ' लिहा म्हणालास तर 'कोयता'ही काढून टाकीन. तू काही कळवलं नाहीस, तर तो शब्द लागणार नाही. आणि तू आलास किंवा न आलास, सप्ताहात गायला उभा राहिलो की हे सगळं मी आधी माणसांना सांगणार आहे, माईक चालू असताना. शहादेवच्या बायकोला पुढं बसायला बोलावलं आहे. तिला अजून कारण सांगितलेलं नाही. तुझ्या आधी तिला सांगणं बरोबर वाटलं नाही. म्हाळूदादा असता तर त्यालाही बोलावलं असतं.

तू ये असं मी म्हणत नाही. तो हक्क माझा राहिलेला नाही.

त्रिंबकचा टेम्पो उद्या चौसाळ्याकडे जातो आहे. त्याच्याबरोबर हे पत्र आणि पोत्यात गुंडाळलेली एक वस्तू पाठवतो. तू स्टेजवर टाकून गेलेला तुझ्या बापाचा कोयता. इतकी वर्षं माझ्याकडे होता, देवघराच्या बाजूला. मागच्या आठवड्यात छावणीजवळच्या लोहाराकडे नेला. त्याला म्हणालो, ही चकाकी सगळी काढ आणि धार लाव. तो म्हणाला, "मालक, काळा दिसंल." मी म्हणालो, दिसू दे. दोन दिवस घासला त्यानं. पात्याच्या बुडाशी थोडी चांदी राहिली आहे, ती निघत नाही. तिथं बोट ठेवशील तेव्हा माझी आठवण येईल, ती कशी यावी ते तू ठरव.

धार लागल्यावर आज सकाळी बैलांपुढचा एक ऊस तोडून पाहिला. एका घावात तुटला. मग माझ्या कोयत्यावर एकदा वाजवला. आवाज परत आला आहे, सुग्रीव. शेजारच्या दावणीचा म्हातारा तात्याबा झोपला होता, तो उठून बसला आणि म्हणाला, "तोडीवाल्यांची कोपी कुठं उभी राहिली रं?"

दुसऱ्यांदा वाजवला नाही. ज्यानं तोडलं त्यानंच गायचं, हा नियम तुझा होता. आज मी तोडला तो एकच ऊस, तोही बैलांच्या वाट्याचा.

बायडावहिनींना हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल.

डावा हात वर करणारा, तुझ्या जोडीचा अर्धा,
पंडित